भिंतीकडे तोंड

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या, मी कुणाच्या पाया पडायला बसलेली नाही. पण हे जिच्यावर गुजरलं ती बाई आत्ता पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडते आहे. गेल्या महिन्यापासून दोन्ही डोळ्यांनी.

तारीख सांगते. १५ जुलै १९८६, मंगळवार.

जागा मुंबईत, फोर्टमध्ये. एक जुनं सार्वजनिक ग्रंथालय. नाव सांगणार नाही. इमारत अजून उभी आहे, माणसं अजून तिथे जातात.

आणि रात्र वगैरे नव्हती. भरदुपार होती. खाली रस्त्यावर टॅक्स्या कोकलत होत्या आणि वरच्या मजल्यावर हे सगळं घडत होतं.

मालू माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला वहिनी म्हणते, इथे नुसतं मालू लिहिते. सोपं जातं.

आम्ही पेणजवळच्या हमरापूरचे. घरोघरी गणपतीचे कारखाने. आमच्याकडे साच्याचं काम मालूचे यजमान, माझे दीर केरू बघायचे, रंगकाम मी आणि माझा नवरा. आखणी मात्र मालूची.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळ्यात शेवटचं काम. रंग मारायला कुणीही शिकतं, आखणीचा हात एखाद्यालाच असतो. आमच्या घरात तो आधी सासूबाईंचा होता, कृष्णाबाईंचा. त्यांची दृष्टी गेली आणि ब्रश मालूकडे आला.

त्या वर्षी कारखान्यात चारशे मूर्ती होत्या. आठशे डोळे. सगळे एकट्या मालूच्या नजरेवर. तिची नजर बिघडली असती तर चतुर्थीला आमच्या घरातून एक मूर्ती बाहेर पडली नसती. मला तर तेव्हा साधी भुवईसुद्धा सरळ येत नव्हती.

पुढचं कळायला आमची रीत माहीत हवी.

डोळे बाकी असलेली मूर्ती आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवतो. आखणी झाली की दाराकडे. आत पाऊल टाकलं आणि पाठ दिसली, म्हणजे काम बाकी. लहान पोरालाही आमच्यात हे सांगावं लागत नाही.

दुसरं, एक डोळा काढून उठायचं नाही. काही झालं तरी नाही. दुसरा पुरा करायचा आणि ब्रश उचलायच्या आधी मनात म्हणायचं, 'माझ्याकडं नको बघू, तुझ्या घरच्यांकडं बघ.' उघडलेला डोळा पहिल्यांदा काढणाऱ्यालाच बघतो. ती नजर आपल्या अंगावर ठेवून घेऊ नये, असं सासूबाई म्हणायच्या.

मी तेव्हा हसायचे.

तर झालं असं, की रोह्याला नदीपलीकडे अष्टमी गावात हैबतराव म्हणून आमचं जुनं गिऱ्हाईक होतं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच चित्रासारखा गणपती बसायचा. कुठल्याशा जुन्या मासिकात छापलेलं चित्र, चौकटीत घालून भिंतीवर लावलेलं. त्या उन्हाळ्यात वाळवीने ते खाल्लं. नेमकं तोंड खाल्लं.

हैबतराव स्वतः हमरापूरला आले. म्हणाले, "मालूबाय, मुंबईच्या त्या मोठ्या लायब्ररीत त्या मासिकाचे सगळे अंक बांधून ठेवलेत. आमच्या भावकीतला बाबाजी तिथं शिपाई हाय. तू एकदा जाऊन डोळे बघून ये. आमच्या बापानं डोळे मिटले ते त्या मूर्तीकडं बघत. दुसरे डोळे नाय चालायचे आमाला."

मालू मुंबईला त्याआधी दोनदाच गेली होती, दोन्ही वेळा दवाखान्यात. तरी ती हो म्हणाली. चांगले डोळे बघायला मिळणार म्हटल्यावर ती कुठेही गेली असती.

पेणहून सकाळची पहिली एसटी. मग विचारत विचारत फोर्ट. साडेदहाला ती त्या दगडी पायऱ्यांसमोर उभी राहिली, हिरवं लुगडं, काखेत पिशवी, पिशवीत भाकरी.

काउंटरवरच्या कारकुनाने तिला आधी पायांपासून वरपर्यंत बघितलं.

"काय पाहिजे?"

"पुस्तक बघायचंय. मासिक."

"हे देऊळ नाही, बाई. बघून नमस्कार करून जायला. इथे लोक वाचायला येतात."

"मलापन वाचता येतं."

"हो? काय वाचता?"

मागे दोघेतिघे हसले. मालूचे कान गरम झाले. तिने वहीत सही केली, हळूहळू, पूर्ण नाव, गाव हमरापूर, तालुका पेण. कारकुनाने पिशवी ठेवून घेतली. पेन चालणार नाही म्हणाला. झेरॉक्सही नाही, पानं मोडतात. एक पेन्सिल आणि कागद, बस.

तेवढ्यात बाबाजी आला. गावचा माणूस म्हणून तिला बरं वाटलं. पण त्याचंही तोंड आंबलेलं.

"हैबतला कामं नायत. चल वर. इकडंतिकडं फिरू नको. जेवून झालं की येतो मी."

लोखंडी गोल जिना. वर एक लांबच लांब दालन. छताला टेकलेली कपाटं, उंच खिडक्या, खिडक्यांच्या काचा कधी काळी धुतलेल्या. पाच लांब टेबलं होती. पुढच्या दोन टेबलांवर माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली.

मागची तीन रिकामी.

मालूला वाटलं, पंखा तिकडे नसेल. ती अगदी शेवटच्या टेबलावर जाऊन बसली. पुढचे तिघेचौघे वळले आणि तिच्याकडे बघत राहिले.  एक म्हातारा गृहस्थ मात्र उठला, चष्मा खिशात घातला आणि चालता झाला.

'आपण काय विटाळ घेऊन आलोय काय,' ती मनात म्हणाली. तिला राग आला होता. त्या रागातच ती हट्टाने तिथे बसून राहिली.

बाबाजीने अंकांचा बांधलेला गठ्ठा आणून आदळला. चित्र सापडलं. आणि मालू सगळं विसरली. काय डोळे होते ते. अर्धे मिटलेले, खालच्या पापणीला किंचित हसू. तिने तीनदा काढले, तिसऱ्यांदा जमले.

मान वर केली तर भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा.

दालनात कुणी नव्हतं.

जेवायला गेले असतील. पण एकाचीही खुर्ची सरकल्याचा आवाज आला नव्हता...

आणि मग तिला तो आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

हा आवाज मालूच्या ओळखीचा होता. जन्म गेला त्यात. प्लास्टरवर पॉलिश पेपर घासल्याचा आवाज.

खर्र... खर्र...

तिच्या मागून. शेवटच्या कपाटाच्या पलीकडून.

भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी आपल्यातलं ऐकू आलं होतं. कुणी कारागीर दुरुस्ती करत असेल. ती उठून कपाटाला वळसा घालून गेली.

आवाज थांबला.

तिथे कुणी नव्हतं. अरुंद कोनाडा, त्यात लाकडी घडवंची, घडवंचीवर छातीपर्यंतचा पुतळा. पांढरा. जिन्यावरचे बाकीचे पुतळे संगमरवरी होते. हा मात्र प्लास्टरचा. आमच्या बाईला ते हात न लावता कळलं.

पायाशी पांढरी पूड पडलेली.

ताजी.

आणि पुतळा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला...

तुमच्यापैकी कुणी असता तर तिथूनच फिरला असता. भिंतीकडे तोंड केलेल्या वस्तूला माणूस हात लावत नाही. पण ही हमरापूरची. तिला पाठ दिसली आणि तिच्या मनात एकच गोष्ट आली.

आखणी बाकी आहे.

तिने दोन्ही हातांनी पुतळा धरला आणि फिरवला. रिकामा हंडा फिरावा तसा अलगद फिरला.

पागोटं. भरघोस मिशा. ओठ घट्ट दाबलेले, बोलायचं राहून गेलेल्या माणसासारखे. खाली नाव नव्हतं, नावाची पट्टी काढल्याची चार भोकं होती. आणि डोळ्यांच्या जागी गुळगुळीत पांढरं. खोबण्या जरा जास्तच खोल होत्या. करणाऱ्याला अंदाज आला नाही, असं मालूला वाटलं.

कसलेला चेहरा, आणि असा आंधळा ठेवून दिलेला. तिला ते बघवेना. हातात पेन्सिल होतीच.

तिने घडवंचीसमोर बैठक मारली आणि उजवा डोळा काढला.

पेन्सिल प्लास्टरवर छान चालत होती. बुबुळ झालं, पापणी झाली. आणि मागून हाक आली...

"मालू, ऊठ."

सासूबाईंचा आवाज.

तिने मान वळवली. दालन रिकामं. सासूबाई हमरापूरला बाजेवर होत्या, भिंतीला धरून मोरीपर्यंत जायच्या त्या बाई.

"मालू... ऊठ गो."

आता ती उठली असती. पण एक डोळा झालेला होता. आणि एक डोळा काढून उठायचं नाही, हेही याच आवाजाने तिला शिकवलेलं.

ती परत वळली आणि दुसरा डोळा काढला. घाईने, पण काढला.

पेन्सिल उचलली तेवढ्यात खाली जिन्यावर काहीतरी दाणकन आपटलं. ती दचकून उभी राहिली. आणि ते वाक्य म्हणायचं राहिलं.

समोर बघितलं.

तिने बुबुळं सरळ काढली होती. अगदी मधोमध. बसल्या माणसाच्या उंचीला.

ती आता उभी होती...

बुबुळं वर तिच्याकडे होती.

तिने पुतळा परत भिंतीकडे फिरवायला हात घातला. मघाशी हंड्यासारखा फिरलेला पुतळा तसूभर हलला नाही. जमिनीत रुतल्यासारखा बसला.

मालू कागद उचलून निघाली. बाबाजी खाली भेटला, तिने काही सांगितलं नाही. कारकुनाने पिशवी दिली. पिशवीतली भाकरी तिने एसटीत काढली तर भाकरीवर पांढरी पूड होती. खिडकीतून टाकून दिली.

घरी आली ती गप्पच. दुसऱ्या दिवशी हैबतरावांची मूर्ती समोर घेतली. कागद बाजूला ठेवला. ते सुंदर अर्धमिटले डोळे बघून बघून आखणी केली.

मी रंगाची वाटी घेऊन गेले आणि माझा हात थांबला.

कागदावर एक होतं, मूर्तीवर दुसरंच. टक्क उघडे डोळे. आत राग. आपल्या लाडक्या गणपतीच्या तोंडावर कुणा परक्या माणसाचे डोळे.

"वहिनी, हे काय काढलंस?"

"चित्रातलं काढलं," ती म्हणाली. तिने ओलं फडकं उचललं.

पुसलं, परत काढलं. तसंच. दुसरी मूर्ती घेतली. तसंच. पंधरा दिवसांत तिने एकतीस मूर्ती केल्या आणि एकतीसही तशाच. दाराकडे तोंड करून मांडलेल्या. बुबुळं मात्र दाराकडे नव्हती. मालू ज्या कोपऱ्यात बसायची तिकडे होती. तिने जागा बदलली. सकाळी बघितलं तर नव्या जागेकडे.

हैबतराव बघायला आले. मूर्तीसमोर उभे राहिले, हात जोडायला वर गेले ते अर्ध्यावरच राहिले.

"ही नको मला," म्हणाले. "ही मला घरात घेऊ नको म्हणून सांगतेय." आणि पाणी न पिता गेले.

बातमी गावभर झाली. दोन गिऱ्हाइकं फिरली. केरूभावजी रात्रंदिवस मालूवर खेकसायला लागले. चतुर्थी चाळीस दिवसांवर आलेली.

शेवटी सासूबाई चाचपडत कारखान्यात आल्या. एका मूर्तीच्या तोंडावरून बोटं फिरवली आणि बोटं झटकली, चटका बसल्यासारखी.

"ही आपली आखणी नाय. गो मालू, तिकडं काय करून आलीस ते सांग."

तेव्हा तिने सगळं सांगितलं. मीही तेव्हाच ऐकलं. सासूबाईंनी बोटं पदराला पुसली.

मग म्हणाल्या, "त्या दिसी दुपारी मला डुलकी लागलेली. तू कुणाम्होरं तरी बसलेली दिसलीस. ज्याच्याम्होरं बसलीस त्याला बघून मी वरडले. मालू ऊठ, म्हनून."

हे खरं होतं. त्या मंगळवारी सासूबाई दुपारी ओरडून जाग्या झाल्या होत्या. पाणी मीच दिलं होतं.

"पन एक डोळा झालेला, आत्याबाय. कशी उठू?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "मीच शिकवलं तुला ते. आता ज्या हातानं काढलेस त्याच हातानं पुसून ये. दोन्ही."

मालू परत गेली. पदराला पॉलिश पेपर बांधून.

कारकुनाने या वेळी काही विचारलं नाही. वहीसुद्धा पुढे केली नाही. नुसतं जिन्याकडे बोट केलं आणि मान फिरवली.

बाबाजी जिन्याखाली बसला होता. पंधरा दिवसांत त्याचा चेहरा उतरून गेलेला.

"तू फिरवलास व्हय तो?"

"मी."

"चार माणसं लावली, सरकत नाय. वर कोन थांबत नाय. माझी डूटी तिथं हाय, मी कुठं जाऊ? भिंतीकडं तोंड करून ठेवलेली वस्तू मानूस फिरवतो कशाला गो?"

"आमच्यात बाकी काम असंच ठेवतात."

"तुमच्यात असंल. इथं नाय. मी नोकरीला लागलो तवापासून तो तसाच हाय. आधीच्या शिपायानं मला येवढंच सांगितलं, फिरवायचा नाय. का, ते त्यालापन ठाऊक नव्हतं."

दोघं वर गेली. दालनात एक चिटपाखरू नव्हतं. कपाटाच्या बाजूने तो कोनाड्यातून सरळ दाराकडे बघत होता.

पेन्सिलीच्या रेघा फिक्या असतात. या काळ्याभोर झाल्या होत्या. ओल्या रंगासारख्या चकाकत होत्या.

मालूने पॉलिश पेपर उजव्या डोळ्यावर टेकवला आणि घासायला सुरुवात केली.

खर्र... खर्र... खर्र...

घासता घासता तिला समजलं की खोबण्या खोल का आहेत. करणाऱ्याचा अंदाज चुकला नव्हता. इथे आधीही कुणीतरी घासलं होतं. एकदा नव्हे, पुष्कळदा.

रेघ पुसट होत गेली. पूड उडाली. तिचा स्वतःचा उजवा डोळा चुरचुरायला लागला. तिने मनगटाने चोळला, आणि नीट दिसावं म्हणून डावा मिटून बघितलं...

समोर पुतळा दिसला नाही.

एक बाई दिसली. हिरवं लुगडं. कपाळावर पांढरी पूड. हातात पॉलिश पेपर, तोंड उघडं.

ती मालू स्वतःच होती.

डावा डोळा उघडला, पुतळा दिसला. डावा मिटला, पुन्हा ती बाई, तिच्याकडे बघणारी. तिने हात हलवला. त्या बाईने हात हलवला.

पेपर तिच्या हातातून गळून पडला.

"काय झालं?" बाबाजी लांबूनच. "एक राहिला. तोपन पूस."

"नाय."

"पूस गो. अर्धवट ठेवू नको."

"दुसरा पुसला तं मी घरी कशी जाऊ, बाबाजीभाऊ? चारशे मूर्ती हायत घरी."

तो काय समजला कोण जाणे. मालूने मात्र तेव्हा ते राहिलेलं वाक्य म्हटलं. मोठ्याने. "माझ्याकडं नको बघू. तुझ्या घरच्यांकडं बघ."

त्या पुतळ्याला घरचं कुणी असेल की नाही, देव जाणे.

मग बाबाजीने पुतळ्याला हात लावला. या वेळी तो फिरला. आणि मालूच्या उजव्या डोळ्यापुढून सगळं दालन फिरत गेलं. खिडक्या, कपाटं, बाबाजीचा खाकी बाहीचा हात... आणि शेवटी भिंत. चुन्याची, पोपडे आलेली, नाकापासून वीतभर अंतरावर.

ती भिंत पुढे सव्वीस वर्षं तिच्या डोळ्यासमोर राहिली.

घरी येऊन तिने डाव्या डोळ्याने त्या एकतीस मूर्ती पुसून पुन्हा आखल्या. नजर निवळली होती. हैबतरावांनी त्यांची मूर्ती बघितली आणि रडले. उरलेल्या मूर्ती तिने मला शेजारी बसवून, माझा हात धरून करवून घेतल्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेवटची गेली. आमचं घर तगलं. त्यानंतर आखणी माझ्याकडे आली ती आजपर्यंत.

पेणच्या डॉक्टरांनी तिचा डोळा तपासला. काहीही दोष नाही म्हणाले. गावात मात्र मालूचा डोळा गेला असंच सगळे समजत. तो गेलेला नव्हता. मिटला तरी त्याला भिंत दिसायची. पावसाळ्यात ओल कुठवर चढली हे ती इथे हमरापुरात बसून सांगायची. कधी एक पाल यायची, ती दिसली की मालूला सोबत वाटायची. बाबाजी वारल्याचं पत्र आलं त्या दिवशी ती म्हणाली, आता पुतळा फिरवू नका म्हणून सांगणारं तिथे कुणी राहिलं नाही.

सासूबाई विचारायच्या, दोन्ही पुसलेस ना. मालू हो म्हणायची. सासूबाई ते खरं मानूनच गेल्या.

आता गेल्या महिन्यातलं.

मंगळवारच होता. दुपार. मी आखणीला बसले होते, ती दारात तांदूळ निवडत होती.

"गिरजा," ती म्हणाली, "भिंत हलली."

मी ब्रश खाली ठेवला.

"कुणी फिरवतंय. खिडक्या दिसल्या. बांबू बांधलेत, कपाटांवर कापडं टाकलीत. काम चाललंय तिथं." सूप तिच्या मांडीवरून घसरलं. "एक बाय हाय. म्होरं येऊन बसली. शिकलेली दिसते. गिरजा, तिच्या हातात पेन्सिल हाय."

"कारागीर असेल, वहिनी. दुरुस्तीला आली असेल."

"एक डोळा हाय, एक नाय, असं बघतेय ती. तिला ते बरं दिसत नाय." मालू उभी राहिली. "गो बाय, ऊठ. ऊठ गो. ऊठ."

ती ओरडत होती, आमच्या अंगणात, भरदुपारी. शेजारीपाजारी बाहेर आले.  मी हेच शब्द आधी एकदा ऐकले होते.

"ऐकलं तिनं?" मी विचारलं.

"मान वळवली," मालू म्हणाली. "मागं बघितलं. मंग परत वळली."

थोड्या वेळाने ती खाली बसली. डावा डोळा हाताने झाकला आणि माझ्याकडे बघितलं. उजव्याने. सव्वीस वर्षांनी.

"तुझे केस पिकले, गिरजा," ती म्हणाली.

तिला आता दोन्ही डोळ्यांनी दिसतं. अंगण, सूप, तांदळातला खडा. केरूभावजींनी देवापुढे नारळ फोडला. तिने खोबऱ्याचा तुकडा तोंडात घातला नाही.

रोज एकच सांगते. "एक डोळा ठेवून उठले मी. सगळ्यांना शिकवलं आणि मीच उठले. दुसरा कुनीतरी पुरा करनारच होतं."

ती बाई कोण, कुठली, आम्हाला ठाऊक नाही. तिला ते वाक्य कुणी शिकवलेलं असायचं कारण नाही. म्हणून हे इथे लिहिलं. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर वाक्य वर दिलं आहे, जाऊन म्हणा.

आणि पुसायला जाल तेव्हा दोन्ही पुसा.

त्याचा अर्थ काय होतो ते मला कळतं, पुसणारीच्या दोन्ही डोळ्यांपुढे कायमची भिंत. तरी लिहिलं. मालूला मात्र हे शेवटचं वाचून दाखवलेलं नाही.